वेशीवरचा राखणदार

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या वसाहतींतून घरभेटीसाठी फिरताना अलीकडे एक विषय बहुतेक घरांत निघतो, तो सुरक्षिततेचा. रात्री रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्या जातात. सकाळी मिस्सेला निघालेल्या बाईच्या गळ्यातील साखळी हिसकावली जाते. मुले नोकरीनिमित्त हिंजवडीला किंवा परदेशी गेल्यामुळे दोन खोल्यांत मागे राहिलेले वृद्ध जोडपे तिन्हीसांजेलाच दाराला कडी घालते. ‘पूर्वी असे नव्हते, फादर’ हे वाक्य त्या बोलण्याच्या शेवटी हटकून येते.

या वाक्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा, तेव्हा रात्रीची राखण कोण करीत होते आणि त्या राखणीचे मोल कोण चुकते करीत होते, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. इतिहासाकडे वळले की त्यांची उत्तरे मिळतात. ती सगळीच सुखावह नाहीत. पण आपल्या वसाहतींना यापुढे कशा प्रकारची सुरक्षितता हवी हे ठरविताना ती उपयोगी पडतील, अशा विचाराने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गावकूस आणि जागल्या

आज आपण ज्याला पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा औद्योगिक पट्टा म्हणतो, तो शंभर वर्षांपूर्वी पवना व इंद्रायणी यांच्या परिसरातील शेतकरी गावांचा प्रदेश होता. मोरया गोसावींच्या समाधीमुळे चिंचवडचे नाव दूरवर पोहोचले होते. चाकणला भुईकोट किल्ला होता. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध तो सुमारे दोन महिने लढविला होता. बाकी पिंपरी, आकुर्डी, निगडी, भोसरी ही दख्खनच्या इतर शेकडो गावांसारखीच गावे होती. अशा गावाचा कारभार कसा चाले याचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात केले आहे. वस्तीला गावकूस, कुसाला वेस, वेशीच्या आत पाटलाचा वाडा आणि चावडी, आणि या सर्वांची रात्रीची राखण करणारा जागल्या, अशी ती घडण होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलखाची माहिती देणारा जो अहवाल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये सादर केला, त्यात या राखणदाराची कामे नोंदलेली आहेत. रात्री पहारा द्यावयाचा. गावात कोण आले आणि कोण गेले याकडे लक्ष ठेवावयाचे. परक्या माणसाची वर्दी पाटलाला द्यावयाची. गावातील प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक करून घ्यावयाची. चोरी झालीच तर चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचे, आणि माग शेजारच्या गावात शिरला की तो तेथील राखणदाराला दाखवून त्याच्या हवाली करावयाचा. माग ज्या गावात थांबेल त्या गावावर भरपाईची जबाबदारी येई.

या पद्धतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, तिचा आधार शस्त्र हा नव्हता, तर ओळख हा होता. राखणदाराच्या हाती काठी असे. पण त्याचे खरे सामर्थ्य कोण कोणाचा, कोणत्या वेळी कोठे असतो, हे जाणण्यात होते. चोरीची जबाबदारीही एकट्यादुकट्यावर न पडता साऱ्या गावावर पडे. आपल्या हद्दीत काय घडते याविषयी गावाने बेफिकीर राहणे परवडण्यासारखे नव्हते.

दुसरी गोष्ट तितकीच खरी आहे आणि तिचा उच्चार आपण टाळतो. बहुतेक गावांत वेशीची राखण महार समाजाकडे असे. ‘येसकर’ म्हणजेच वेसकर. ज्याच्या हाताने वेशीचे दार लागे आणि उघडे, त्याचे स्वतःचे घर मात्र कुसाबाहेर होते. दरोडा आला तर पहिला घाव त्याच्या वस्तीवर पडावयाचा. आत राहणाऱ्यांची झोप त्याच्या जागरणावर अवलंबून होती. परंतु आतल्या पाणवठ्यावर त्याला पाणी भरता येत नव्हते. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन आणि घरोघर फिरून मागून आणावयाची भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले ते या पिळवणुकीला आळा घालण्यासाठी. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नाहीशी झाली ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने.

पुणे-सातारा भागात राखणीचे काम रामोशी समाजाकडेही असे. इंग्रजी अमलात पुण्याच्या छावणीतील साहेब लोक आपल्या बंगल्यांच्या पहाऱ्यासाठी रामोशीच नेमीत. याच समाजातील उमाजी नाईक यांना इंग्रजांनी १८३२ साली फाशी दिली. पुढे १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कालांतराने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मावरून माणसाला संशयित ठरविणारा हा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, देशभर रद्द झाला. रामोशी समाजाची गणना महाराष्ट्रात आज विमुक्त जातींत होते. रखवाली ज्यांच्याकडे सोपविलेली, त्यांच्यावरच संशय, असा हा विपरीत न्याय होता.

आपल्या धर्मप्रांतातील मराठी कुटुंबांपैकी कित्येकांची मुळे नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहेत. वळण, केंदळ, संगमनेर या परिसरात मिशनऱ्यांनी काम सुरू केले तेव्हा जे लोक ख्रिस्तसभेत आले, त्यांच्यातील पुष्कळांची घरे कुसाबाहेरच होती. तेव्हा ‘पूर्वी सारे सुरक्षित होते’ असे म्हणताना ते कोणासाठी सुरक्षित होते, हा प्रश्न निदान आपल्या घरांत तरी विसरला जाऊ नये.

कोतवालाचे शहर

गावाची राखण जागल्या करी, तर शहराची कोतवाल. आपल्या पट्ट्याला सर्वांत जवळचे शहर पुणे. पेशवाईच्या उत्तरार्धात तेथील कोतवाली घाशीराम सावळदास याच्याकडे होती. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास बंदी असे, आणि त्यानंतर जो सापडेल त्याला कोतवालाचे लोक धरून नेत. शहरात चोऱ्यांना आळा बसला असेलही; पण ती शांतता दहशतीची होती. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणातील दक्षिणेसाठी पुण्यास आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून पकडून अपुऱ्या जागेत कोंडण्यात आले. हवेअभावी त्यांच्यातील बरेच जण गुदमरून मेले. शहर खवळले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी कोतवालाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. परका दिसला की तो चोर, अशा समजुतीवर उभारलेली व्यवस्था अखेर राखणदारालाही वाचवू शकली नाही.

या घटनेनंतर अवघ्या वर्षभराने त्याच शहरात दुसरी एक गोष्ट घडली. पेशव्यांच्या सैन्यात चाकरी करणाऱ्या गोव्याकडील कॅथलिकांना उपासनेसाठी स्वतःची जागा नव्हती. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी त्यांना जमीन दिली आणि आजच्या नाना पेठेत निष्कलंक मातेचे मंदिर उभे राहिले. ‘सिटी चर्च’ या नावाने ते सर्वांच्या परिचयाचे आहे. भाषा, वेष, धर्म या सर्व बाबतींत परक्या असलेल्या माणसांना शहराने वस्तीसाठी जागा दिली आणि ती माणसे शहराचीच झाली. १७९१ आणि १७९२ ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. परक्याशी वागण्याच्या दोन्ही रीती पुण्याला ठाऊक होत्या. एकीचा शेवट रक्तपातात झाला, आणि दुसरीने उभारलेल्या मंदिरात आजही घंटा वाजते.

भोंग्यावर चालणारी वसाहत

आता आपल्या गावाकडे वळू. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना पिंपरीस बराकींतून आसरा देण्यात आला. त्या भागाला आजही आपण ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतो. सर्वस्व गमावून आलेल्या त्या लोकांनी दुकाने थाटली आणि पाहता पाहता कॅम्प ही साऱ्या परिसराची बाजारपेठ झाली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. कारखान्याशेजारी कामगारांची वसाहत वसली, ‘एच. ए. कॉलनी’ ती हीच. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि मग टेल्को, बजाज यांसारख्या मोठ्या कारखान्यांबरोबर शेकडो लहान कारखाने या माळरानावर उभे राहिले.

१९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि निगडीच्या बाजूला आखीव पेठा पडू लागल्या. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. संत तुकारामनगरसारख्या वसाहती गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी बांधल्या. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि रेल्वेमार्गाकाठची वस्तीही वाढली.

या वसाहतींत राहावयास आलेले बहुतेक सगळे बाहेरचे होते. कोणी १९७२ च्या दुष्काळात नगरहून आलेले, कोणी सोलापूरचे, कोणी कोकणातले, कोणी केरळ, तामिळनाडू, मंगळूर, गोवा येथून आलेले. कोणाच्याही पूर्वजांची येथे पाटीलकी नव्हती आणि कोणाचीही हद्द वेशीबाहेरची म्हणून ठरलेली नव्हती. कंपनीच्या वसाहतीत घर मिळे ते नोकरीवरून. जातीवरून मिळत नसे. कुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेल्या माणसाचे बिऱ्हाड आणि एखाद्या पाटलाच्या मुलाचे बिऱ्हाड एकाच जिन्यावर समोरासमोर आले, ही आमच्या मते या औद्योगिक पट्ट्यातील सर्वांत मोठी सामाजिक घटना होय. तिची नोंद उत्पादनाच्या आकड्यांत सापडत नाही.

अशा अनोळखी लोकांच्या वस्तीत सुरक्षितता आली कोठून? तिचे पहिले कारण पाळ्या. कारखान्याचा भोंगा हे वसाहतीचे घड्याळ होते. तीन पाळ्यांमुळे कोणत्याही प्रहरी कोणी ना कोणी जागे असे. पहिल्या पाळीचा डबा पहाटे चारला भरला जाई. दुसऱ्या पाळीची बस मध्यरात्रीच्या सुमारास चौकात थांबे. रात्रपाळीवरून परतणाऱ्याला दूधवाला भेटे. वस्ती कधी पुरती झोपतच नसे. दुसरे कारण घरांची रचना. तळमजल्याचे ओटे, सामाईक नळ, सामाईक गच्ची, रेशनची रांग, यांमुळे बायकांना एकमेकींची मुले नावानिशी माहीत असत. तिसरे कारण सणवार आणि संस्था. गणेशोत्सवाचे मंडळ, भिशी, कामगारांची पतपेढी आणि आपल्या लोकांत घरोघर फिरणारी जपमाळेची प्रार्थना. मरियामातेची मूर्ती आज या घरी, उद्या त्या घरी जाई आणि तिच्याबरोबर समूहातील माणसे प्रत्येक घराच्या आत जाऊन येत. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली आहे, कोणाचा मुलगा वाईट संगतीला लागला आहे, हे कोणी चौकशी न करताही समजे.

अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली शहरांविषयी लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात न्यूयॉर्कमधील स्वतःच्या रस्त्याचे निरीक्षण करून हाच विचार मांडला आहे. त्यांच्या मते रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे, तर दुकानदार, खिडकीत बसलेली माणसे आणि येणारे-जाणारे यांच्या सहज लक्षामुळे. त्यांनी पाहिलेला रस्ता आणि आपली वसाहत यांत हजारो मैलांचे अंतर आहे. पण आपल्या ओट्यावर तांदूळ निवडीत बसणाऱ्या बाईचे महत्त्व कोणी पाहुणा सांगेपर्यंत आपल्यालाही उमगले नव्हते.

या चित्राची काळी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. वसाहतीची नजर रस्त्यावर होती. पण पुष्कळदा ती उंबऱ्याशी थांबे. पगाराच्या दिवशी दारू पिऊन आलेल्या माणसाच्या घरातील आरडाओरडा साऱ्या जिन्याला ऐकू येई आणि ‘नवरा-बायकोचे भांडण’ म्हणून दारे लोटून घेतली जात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध वेगळा कायदा यावयास २००५ साल उजाडले. चोरापासून सुरक्षित असलेल्या कित्येक घरांतील बायका स्वतःच्या घरात सुरक्षित नव्हत्या, हेही त्या ‘पूर्वी’चेच सत्य आहे.

फाटक, शिट्टी आणि कॅमेरा

नव्वदीच्या दशकापासून ही घडी विस्कटू लागली. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्ससारखा कारखाना आजारी पडला. ठिकठिकाणी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील वाहनांचे उत्पादन २००७ साली थांबले. नवे मोठे कारखाने चाकणकडे उभे राहू लागले. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ साली सुरू झाला. दुसरीकडे शहराची लोकसंख्या वाढतच होती. १९९१ च्या जनगणनेत पाच लाखांवर असलेला आकडा २००१ मध्ये दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेला. जुन्या वसाहतींतील भोंगे एकामागून एक मुके झाले. मुले मोठ्या घरांत राहावयास गेली. बंद घरांवर कुलपे आणि उघड्या घरांत वृद्ध, असे दृश्य दिसू लागले.

रिकाम्या झालेल्या या जागेत प्रथम गुरखा आला. रात्री शिट्टी वाजवीत आणि विजेच्या खांबावर काठी आपटीत तो फिरे आणि महिन्याच्या सुरुवातीला दारोदार जाऊन ठरलेले पैसे मागे. मग गृहसंस्थांनी भिंती उंच केल्या, फाटके बसविली आणि एजन्सीमार्फत रक्षक नेमले. २०१० साली पुण्यात झालेल्या बॉम्बस्फोटानंतर कॅमेऱ्यांची निकड भासली आणि राज्य सरकारने पुणे व पिंपरी-चिंचवडच्या चौकाचौकांत त्यांचे जाळे उभारले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. १९६५ साली स्थापन झालेल्या पुणे आयुक्तालयाकडील आपली ठाणी आणि ग्रामीण पोलिसांकडील चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ठाणी त्यात आली.

या सर्व उपायांची आवश्यकता आहे. पोलीस ठाणे जवळ असणे आणि चौकात कॅमेरा असणे यांमुळे गुन्ह्याचा तपास सोपा होतो, यात शंका नाही. पण कॅमेरा काय घडले ते सांगतो. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या आजीला तो उठवीत नाही. पोलीस बोलावल्यावर येतात. पण बोलावणारा कोणी तरी असावा लागतो. जुन्या वसाहतीने जे गमावले आहे ते हे बोलावणारे माणूस होय.

आणि आता फाटकावर बसणाऱ्या माणसाकडे पाहू. तो बहुधा मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून किंवा नेपाळमधून आलेला असतो. अनेक ठिकाणी त्याची पाळी बारा तासांची असते. प्लास्टिकची खुर्ची, पत्र्याची चौकी आणि एक वही एवढा त्याचा संसार. कोण आले, कोण गेले याची नोंद तो ठेवतो. म्हणजे एल्फिन्स्टनच्या अहवालातील जागल्याचेच काम तो करतो. साऱ्या इमारतीची झोप त्याच्या जागरणावर अवलंबून असते. परंतु इमारतीतील स्वच्छतागृह वापरण्याची मुभा त्याला प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही. त्याला हाक मारली जाते ती ‘वॉचमन’ म्हणून. चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर जातो. महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी १९८१ सालीच कायदा केला आणि केंद्राने २००५ साली रक्षक पुरविणाऱ्या एजन्सींसाठी कायदा केला. कायदे झाले, पण वेशीवर बसणारा माणूस वेशीच्या आतला झाला काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने मिळत नाही.

भिवंडीचा धडा

हरवलेली ओळख पुन्हा जोडता येते काय? याचे उत्तर महाराष्ट्रातच एका कामगारांच्या शहरात मिळाले आहे. यंत्रमागांचे गाव असलेल्या भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या होत्या. तेथेही बाहेरून आलेल्या कामगारांची दाट वस्ती आणि परस्परांविषयी अविश्वास होता. १९८८ च्या सुमारास तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची कल्पना राबविली. प्रत्येक मोहल्ल्यातील हिंदू व मुसलमान रहिवाशांना एकत्र बसवावयाचे, त्यांच्या बैठका नियमित घ्यावयाच्या, आणि नळ, गटार, भाडे, शेजारभांडण असे रोजचे विषय त्यांच्यासमोर आणावयाचे, अशी ती पद्धत होती. त्या बैठकांत पोलीसही लोकांना माणूस म्हणून ओळखू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा सर्वांच्या मनात धास्ती असलेली भिवंडी शांत राहिली.

मुंबईतील त्या दंगलींनंतर तेथेही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तिच्या उभारणीत तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे आणि आपल्या कॅथलिक समाजातील ज्येष्ठ पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांचा पुढाकार होता. आयुष्यभर शस्त्रधारी दले सांभाळलेल्या रिबेरो यांनी निवृत्तीनंतर गल्लीबोळांतील रहिवाशांच्या बैठकांत बसणे महत्त्वाचे मानले, यात आपण शिकण्यासारखे बरेच आहे.

भिवंडीचा धडा असा की, संकटाच्या रात्री कामास येणारी ओळख संकटाच्या रात्री निर्माण करता येत नाही. ती आधी, नळाच्या आणि गटाराच्या बैठकीत, कंटाळवाण्या वाटणाऱ्या संध्याकाळी तयार करावी लागते.

चाकणच्या खोल्या

जुन्या वसाहतींतील अनुभवाची खरी कसोटी आता चाकणच्या बाजूला लागणार आहे. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांत शेतजमिनींवर खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. एकेका खोलीत चार-पाच तरुण राहतात. एक पाळीवर जातो तेव्हा दुसरा त्याच अंथरुणावर आडवा होतो. त्यांच्यातील पुष्कळ जण कंत्राटी कामगार आहेत. काही महिन्यांनी काम संपते आणि खोली बदलते. पिंपरीच्या कामगाराला कंपनीने वसाहत दिली, पतपेढी दिली, शेजार दिला. चाकणच्या या तरुणाला बहुधा फक्त खोली मिळाली आहे. गावकऱ्यांना तो परका वाटतो आणि त्याला गाव परके वाटते. चोरी, मारामारी काही झाले की ‘बाहेरचे लोक’ हा शब्द उच्चारला जातो.

हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबले पाहिजे. सत्तर वर्षांपूर्वी पिंपरीच्या मूळ गावकऱ्यांच्या दृष्टीने आपण सारे बाहेरचेच लोक होतो. पेशव्यांच्या पुण्यात गोव्याकडील कॅथलिकही बाहेरचेच होते. चाकणच्या खोल्यांत झारखंड, ओडिशा, छत्तीसगड येथून आलेल्या मुलांत आपल्या धर्माची मुलेही आहेत; रविवारी ती चर्चच्या शेवटच्या बाकावर बसतात आणि शेवटचे गीत संपण्याआधी निघून जातात. भाडेकरूची नोंद पोलिसांत करणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे आणि ते त्याने पार पाडावेच. पण कागदावर नोंद होणे आणि माणसाची ओळख होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यासाठी धर्मग्रामाने काही नवीन संस्था काढण्याची गरज आहे, असे आम्हांस वाटत नाही. ज्या आहेत त्या वापरावयाच्या आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या संरक्षणासाठी २००७ साली झालेल्या कायद्याखालील नियमांनुसार, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावयाची असते. प्रत्येक समूहाने आपल्या गल्लीतील अशा वृद्धांची नावे, ती कोणत्याही धर्माची असोत, ठाण्यात नेऊन द्यावीत आणि आठवड्यातून एकदा त्यांच्या दारात उभे राहावे. फिरत्या जपमाळेची मूर्ती ज्या जिन्याने वर जाते, त्याच जिन्याच्या तळाशी रक्षक बसलेला असतो. त्याचे नाव, गाव आणि मुलांची इयत्ता समूहातील एका तरी माणसाला माहीत असावी. गृहसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत त्याच्या स्वच्छतागृहाचा, पंख्याचा आणि साप्ताहिक सुटीचा विषय आपल्यापैकी कोणीतरी मांडावा. घरातून मारहाणीचा आवाज आला तर दार वाजवावे. चाकणकडील धर्मजनांनी शेवटच्या बाकावरच्या मुलांना निदान नाताळच्या जेवणाला घरी बोलवावे.

या गोष्टी लहान आहेत. मोठी गोष्ट एवढीच की, या भूमीत राखणीची पद्धत गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. जागल्या गेला, कोतवाल गेला, भोंगा थांबला, गुरख्याची शिट्टी विरळ झाली, कॅमेरा आला. प्रत्येक पद्धतीत राखणारा आणि राखला जाणारा यांच्यामध्ये कोठे ना कोठे एक कूस उभे होते. वसाहतीच्या चांगल्या दिवसांत ते काही काळ पडले होते, कारण तेव्हा प्रत्येक रहिवासी थोडा थोडा राखणदारही होता. ते कूस पुन्हा उभारावयाचे की पाडावयाचे, हे गृहसंस्थेच्या येत्या सभेत, भाड्याने खोली देताना आणि फाटकातून आत शिरताना आपणच ठरविणार आहोत.